सात ओळींचा पॅच

सात ओळी. तीन लाल, चार हिरव्या.
मल्लिनाथ हत्तुरेनं पाठवल्यात, रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी.
विषय: प्रोसेसरचा वेग चढवताना आधी व्होल्टेज चढवा.
खाली एकच वाक्य:
'बोर्ड अधूनमधून गोठतो, बहुतेक यामुळेच.'

बहुतेक.
त्या शब्दापाशी मी थांबते.

साखर पेठ, दुपारचे तीन.
जेवणाची सुट्टी संपून खालचे माग सुरू झाले
की आमच्या माडीवरचा पंखा एक सुस्कारा टाकतो,
ट्यूब डोळे मिचकावते.
बाहेर त्रेचाळीस. टेबलावरच्या बोर्डाचा पारा एकाहत्तर.
दोघांच्या मध्ये मी, मानेवर ओला पंचा.

वेग म्हणजे काय, तर
एका सेकंदात किती कोटी वेळा हो-नाही म्हणायचं.
व्होल्टेज म्हणजे ते म्हणायचं बळ.
बळ यायच्या आत वेग मागितला
की चिप मध्येच एखादं 'हो' गिळते
आणि आपण लॉगमध्ये तासभर
ते गिळलेलं शोधत बसतो.

'पाणी आलं ओ!'
म्याकलकाकूंची हाक.
चौथ्या दिवसाचं पाणी. पॅच तसाच उघडा टाकून
जिना उतरते.
आधी कॉक उघडा, मग मोटर लावा.
बंद करताना आधी मोटर, मग कॉक.
काकूंनी पाटीच लावलीय भिंतीवर, तीन भाषांत,
तेलुगू ओळ सगळ्यात ठळक,
कारण गेल्या वर्षी मोटर जाळली ती
त्यांच्याच जावयानं.

परत येते. हात ओले,
म्हणून कीबोर्डला न शिवता नुसतं वाचते.
चढताना आधी दाब, मग वेग. बरोबर.
उतरताना आधी वेग, मग दाब. तेही बरोबर.
पण मल्लिनाथ,
वेग चढलाच नाही तर?
क्लॉकनं नकार दिला, फंक्शन चूक घेऊन घरी परतलं,
दाब राहिला वरच.
तो कुणी उतरवायचा?
चिप बसली तापत,
कामाशिवाय.

मग म्हटलं, त्या लाल ओळी मुळात कुणाच्या, बघू तरी.
(थोडं ओरडायचंही होतं कुणावर.)
एक कमांड. इतिहास उघडला.
तिन्ही ओळींपुढे माझंच नाव.
लग्नाआधीचं आडनाव, बंद पडलेला ईमेल,
तारीख पंधरा जानेवारी.

गड्ड्याचे दिवस. खिडकीतून पाळण्यांचा गोंगाट,
बोर्ड मी मांडीवर घेतलेला, ऊब लागावी म्हणून.
शंभर वेळा चाचणी केली होती.
शंभर वेळा पास.
तपासणाऱ्या कमटमसरांनी एकच शब्द लिहिला होता: 'ठीक.'
त्या ठीकवर मी आठवडाभर तरंगत होते.
आठ उन्हाळे त्या ओळी
कुणाकुणाच्या टेबलावर गोठत राहिल्या असतील,
आणि लोकांनी बटण दाबून
पुन्हा सुरू केलं असेल, सवयीनं.

आता उत्तर लिहिते. लांबतच जातं.
तापमान, मर्यादा, संदेश कसा लिहावा,
आमच्या वेळी कसं होतं...
पुसते.

'क्रम बरोबर. वेग बदलला नाही, तर व्होल्टेज परत खाली आण.
बहुतेक काढ, मोजून लिही.
दुपारी मोज, एसी बंद करून.
जुन्या ओळी माझ्या होत्या.'

शेवटचं वाक्य ठेवावं की पुसावं
यावर किती वेळ गेला कोण जाणे,
गच्चीवरून धो धो आवाज यायला लागला.
अगं बाई, मोटर!

धावत खाली गेले, तर पाटीखाली काकूंचा जावई,
विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, बोट बटणावर.
'आधी मोटर,' माझ्याकडे न बघताच म्हणाला,
'पाठ आहे मला.'

वर येऊन वाक्य तसंच पाठवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नवी आवृत्ती आली.
अकरा ओळी. खाली आकडे,
दुपारी बारापासून चारपर्यंत, दर दहा मिनिटांनी,
एकदाही गोठला नाही.
आणि सगळ्यात शेवटी, आकड्यांच्याही खाली:
'एसी नव्हताच, मॅडम.'