खाच

सोहार. शुक्रवार. पहाटेची बांग होऊन गेलेली,
अंगणातल्या फरशा अजून अनवाणी पायांना सोसवतात.
गाडीचं मागचं डावं चाक
पार रिंगेवर बसलंय.
हा दारात, प्लास्टिकच्या खुर्चीत,
कमरेला पट्टा, मांडीवर गाडीचं पुस्तक.
वाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय.
बोलायचं नाही, असं काही ते म्हणाले नाहीत.

"आधी हँडब्रेक."
ओढलाय.
"पुढच्या उजव्या चाकाला विटा."
एक पुढून, एक मागून. लावल्यात.
"नट आत्ताच सैल कर, चाक जमिनीवर आहे तोवर. नाहीतर..."
पान्यावर मी दोन्ही पायांनी उभी.
माझे अठ्ठावन्न किलो
आयुष्यात पहिल्यांदाच कमी पडतायत.
चौथा नट किंचाळतो,
भिंतीवरची मांजर पळून जाते.

मग लबानच्या खोक्याचा पुठ्ठा पसरून
मी आडवी होते, तोंडात टॉर्च.
सात वर्षं ही गाडी वरून पुसत आले,
खालून कधी पाहिली नव्हती.
नळ्या, समुद्राकडच्या हवेने चढलेला गंज,
कुठल्याशा वादीतला चिखल, दगड झालेला.
सगळं लोखंडच. सगळंच भक्कम वाटतं.
"वाटतं," हा म्हणतो. "तळाचा पत्रा पातळ असतो.
तिथे टेकवलास तर गाडी उठायची नाही,
जॅकच आत घुसेल."

आई म्हणायची, भरलं पातेलं कानाला धरून उचलू नये,
कान हातात राहतो, आमटी पायावर.

"दाराखालच्या पट्टीवरून बोट फिरव.
दोन खाचा लागतील, नखाएवढ्या. त्यांच्या मधोमध."
फिरवते. उजवीकडे पुढे आहेत. उजवीकडे मागेही.
डावीकडे पुढे आहेत.
आणि नेमकं जिथे चाक बसलंय, तिथे
पट्टी दुमडलेली, जुन्या पत्त्यासारखी.
आधीच्या मालकाने, त्या कुरियन साहेबांनी,
कधीतरी घाईत भलतीकडेच जॅक लावला असणार.
विकताना पॉलिश मात्र झकास करून दिलं होतं.

हा गप्प.
पुस्तकात दुमडलेल्या पट्टीचं पान नाही.

शेजारचे खलफान मशिदीतून परतताना
फाटकाशी थांबतात, वाकून बघतात,
काही न बोलता निघून जातात.
येतात ते लाकडाचा ठोकळा घेऊन,
मध्ये करवतीने पाडलेली चीर.
चार बोटं पुढे सरकून, जिथे पट्टी पुन्हा सरळ होते,
तिथे अंगठा दाबतात.
"उधर नई. इधर. शवय्या, शवय्या."

जॅकवर ठोकळा, ठोकळ्याच्या चिरेत पट्टी.
सुटं चाक आडवं करून गाडीखाली सरकवलेलं,
दगा झालाच तर.
दांडा फिरवते. आधी फक्त आवाज,
मग गाडी एक खांदा उचलते,
आणि फरशी व चाक यांच्यात
उजेडाची एक बारीक रेघ.
"खाली हात घालू नको!" दोघेही एकदम,
दोन भाषांत.

सात वाजता ऊन फाटकावर चढलं,
नवं चाक बसलं होतं,
खलफान ठोकळा तिथेच ठेवून गेले होते.

हा खुर्चीतून उठू बघत होता.
तीन आठवडे मी काखेत हात घालून उठवते,
तीन आठवडे तो दात खाऊन उठतो.
मी पुढे झाले आणि थांबले.
विचारलं, "कुठून धरू?"
त्याने माझ्याकडे असं पाहिलं
जसं कुणी कधी विचारलंच नव्हतं,
आणि खरंच नव्हतं.
"इथे नाही. जरा खाली. हां.
आता हळू."

त्याच्या पांढऱ्या बनियनवर, पट्ट्याच्या किंचित वर,
माझ्या पंजाचा काळा ठसा आहे.
दोनदा धुतला. जात नाही.