सरळ नळी

साठ पौंडांची सायकल, चॅपेलच्या सेलमध्ये घेतलेली,
आणि नुसता फोर्क एकशेदहाचा.
सांगलीहून भाऊ हसला, चार आण्याची कोंबडी, ताई,
आणि पुढचं मला पाठ होतं,
म्हणून मी फोन पालथा ठेवला
आणि चाक काढलं.

सत्त्याण्णव सालची. जांभळी. मानेपाशी रंग उडालेला.
तेव्हा फोर्कच्या पायांत स्प्रिंगऐवजी
रबराचे पिवळे ठोकळे असत, एकावर एक रचलेले.
टोपण उघडलं, तर आत काहीच रचलेलं नव्हतं.
हिंगाच्या जुन्या डबीच्या तळाशी उरतं तसलं
तपकिरी, चिकट, बोटाचं न सुटणारं.
म्हणजे इतकी वर्षं दगड
थेट माझ्या मनगटांत येत होते
आणि मी म्हणत होते, वय झालं.

नेरिसचं दुकान लानिड्लॉइसच्या पुलाजवळ.
तिने टेपसुद्धा न लावता सांगितलं,
नवीन काही बसायचं नाही.
आता सगळ्यांच्या नळ्या खाली जाड, वर बारीक.
तुझी आपली वरपासून खालपर्यंत एकसारखी.
ब्रेकच्या खुंट्याही कोणी ठेवत नाही हल्ली,
आणि सव्वीस इंची चाक म्हणजे...
इथे ती थांबली,
गेलेल्या माणसाचं नाव निघाल्यावर थांबतात तशी.
मग शिडी लावून माळ्यावर चढली.

तिच्या गावाच्या नावातलं पहिलं अक्षर
मला सात वर्षांत जमलेलं नाही.
जीभ टाळूला, वारा कडेने, आवाज मात्र नाही.
बदल्यात मी तिला ळ देते. वाळू. कमळ. केळं.
ती माळ्यावरून ओरडते, "केलं!"
मी खालून म्हणते, "झालं."

वर्तमानपत्रात गुंडाळलेला, धूळ खाल्लेला.
एका पोराने दोनदा चालवला म्हणे,
मग त्याला मोटारसायकल मिळाली.
नळी सरळ. खुंट्या शाबूत.
एकशेदहाचे तिने ऐंशी केले, ळ च्या खात्यावर.

मागच्या अंगणात, कचऱ्याच्या डब्यावर पाने मांडून.
खालची कडी जुन्या नळीला धरून बसलेली.
एक टोला इकडून, एक तिकडून,
गोल फिरत, हलक्या हाताने, मग हलक्या हाताने नाही.
केसाएवढी फट. चहा. पुन्हा टोले.
कुंपणापलीकडून हाउएलने विचारलं, "कोण जिंकतंय?"
"कडी," मी म्हटलं.
तो आत जाऊन मोठी हातोडी घेऊन आला
आणि काही न बोलता कुंपणावर ठेवून गेला.

नळी कापायची होती. मोजली. पुन्हा मोजली.
मोजत असतो तोवर आपण शहाणे असतो.
करवत टेकली की हात परक्याचा होतो.
तुकडा फरशीवर बांगडीसारखा वाजला
आणि त्या आवाजात आठवलं,
वरची रिंग मी हिशेबात धरलीच नव्हती.
पाच मिलिमीटर.
कापलेलं कोणी वाढवून देत नाही.
रिंग काढून टाकली, हँडल तेवढं खाली आलं, बसलं.
कळणार कुणाला?
मला. रोज.

नवा पाय जुन्यापेक्षा वीस मिलिमीटर उंच,
त्यामुळे सायकल आता तोंड किंचित वर करून बघते,
चष्मा नवा लागलेल्या बाईसारखी.
वळताना जराशी आळस करते.
संध्याकाळी धरणाच्या वाटेला नेली.
मेंढ्या नेहमीसारख्याच बाजूला झाल्या नाहीत.
पुढे रस्त्यात गुरं अडवायची लोखंडी जाळी,
जिथे दर वेळी माझी घंटा
आपली आपण वाजते.

मी दात आवळले.
हातांखाली काहीतरी श्वास घेतल्यासारखं खाली गेलं, वर आलं.
घंटा वाजली नाही.
जाळी मागे पडली, उतार संपला, चढ लागला,
दात तसेच.