डावं-उजवं

बोर्ज हमूदमध्ये वीज चारला जाते.
जनरेटरच्या पिवळ्या उजेडात झावेनमामा हिरे बघत नाही,
म्हणून तीनच्या सुमाराला, उत्तरेच्या खिडकीशी,
पांढऱ्या कागदाची घडी करून
तो खडे पालथे मांडतो.
हिऱ्याचा रंग पाठीवरून कळतो,
तोंडावर सगळेच हसरे.

मधला पाचू ठरलेला. घेवड्याच्या दाण्याएवढा,
आत धुकं, एका कोपऱ्यात शेवाळाचा धागा.
नितळ दोन बाजूला सारून
तालीनने हाच उचलला होता.
म्हणाली, ह्याच्या आत कुणीतरी राहतंय.

आता त्याला शेजार हवा.

मी काढून दिले ते बर्फासारखे पांढरे,
कागदोपत्री निर्दोष.
मेणाच्या गोळीवर पाचूच्या दोन्ही अंगांना टेकवले
आणि पाचू एकदम आजारी दिसला,
लग्नघरात चुकून शिरलेल्या माणसासारखा.
मामा बोलला नाही. चिमट्यानेच नाही म्हणाला.

मग दुसरे, केसभर उंच,
मधल्याच्या डोक्यावरून डोकावणारे. नको.
मग तिसरे, दोघांचीही रुंदी चार पूर्णांक एक,
पण एक टक्क जागा, एक पेंगुळलेला.
कुणीतरी त्याचं पोट खोल ठेवलंय, वजन वाचवायला.
वजन वाचतं. उजेड गळतो.

शेवटी खालच्या खणातून, खोकल्याच्या गोळ्यांच्या डबीतून
त्याने दोन काढले.
एक अँटवर्पहून आलेला, चौदा वर्षांपूर्वी.
एक कुणाच्या तरी मोडीतला.
दोघेही समलंब, दोघांतही
चहा पिऊन झाल्यावर कपाला राहतो तेवढाच रंग.
बाजूला ठेवले. पाचूने श्वास सोडला,
किंवा मी.

इथेच संपायला हरकत नव्हती.
पण मोती आम्ही विकत नाही
आणि मामाच्या डाव्या डोळ्यात एक आहे.
उजव्यातला गेल्या वर्षी काढला,
डाव्याचे पैसे बँकेत अडकलेत.
बँक म्हणते पुढच्या महिन्यात.
बँक तीन वर्षं म्हणतेय.

डाव्या डोळ्याने दोघे जुळे.
उजव्या, धुतलेल्या डोळ्याने
अँटवर्पचा जरा उबदार.
तो एक डोळा झाकतो, मग दुसरा, मग परत पहिला,
आणि विचारतो, शोघिग, तू सांग.
मी काय सांगू?
माझे दोन्ही डोळे एकाच वयाचे,
त्यांनी अजून भांडायला सुरुवात केलेली नाही.

पावणेचारला तालीन आली,
बोटांना लवंगेच्या तेलाचा वास.
दवाखान्याच्या मागच्या खोलीत ती दात घडवते,
चिनी मातीचे, एकेक, भट्टीत भाजून.
अंगठी स्वतःसाठीच. लग्न नाही, वाढदिवस नाही,
कर्ज फिटलं, एवढंच.

मामाने झाकून ठेवलं नाही.
म्हणाला, डावं-उजवं आहे थोडं.
थांबणार असशील तर दुसरा शोधतो.

ती वाकली. भिंग घेतलं नाही.
"हा," म्हणत बोट ठेवलं, अँटवर्पच्याच.
"एक छटा. अर्धी म्हणा."

मग खुर्चीवर टेकून सांगू लागली:
समोरचे दोन दात मी आधी अगदी एकसारखे करायचे.
लोक आरशात बघायचे आणि गप्प व्हायचे.
तक्रार काय ती त्यांना सांगता यायची नाही.
आता एकाला जरा चहा पाजते.

मामा हसला, ओठ न उघडता,
बहुतेक ती मोजेल म्हणून.

एवढंच उरलं होतं: उबदार कुठल्या अंगाला?
तिने मुठीची पाठ वर करून बोटं पसरली.
"करंगळीकडे," म्हणाली.
"तिच्या पलीकडे कुणी नाही."

मामाने पावतीवर लिहिलं: पाचू एक, हिरे दोन, जोड.
मग "जोड" वर पेन टेकवून
तो थांबला, खोडू की नको,
तेवढ्यात चार वाजले.