पोकळ माल

भरीव गज कुणीही धरेल.
चावी फिरव, जॉ मिटव, बटण दाब.
पाइपाचं तसं नसतं, गांगुर्डे म्हणायचे,
त्याच्या आतून उलटं दाबणारं कुणी नसतं.

अंबडला, गटाराकडचा शेवटचा गाळा,
पत्रा इतका तापलेला की वर भाकरी भाजावी.
पिंपळगावहून रोलर आले होते बेदाणा निवडायच्या मशिनचे,
सव्वासहा फुटी पाइप, भिंत जेमतेम तीन मिलिमीटर,
दोन्ही टोकांना आतून बेअरिंगची बैठक कोरायची.
मी नवा. आयटीआयच्या कागदाची घडीसुद्धा मोडली नव्हती.
चक आवळला लोंबकळून,
चावीच्या दांड्यात नळी खुपसून, दात-ओठ खाऊन.
बोअर केलं. मोजलं. शंभर नंबरी.
मग जॉ सोडले,
आणि दाबून ठेवलेला श्वास सुटावा
तसं पाइपातून काहीतरी सुटलं.
गोल बोअर तिकोनी झालं होतं.
बेअरिंग तीन जागी अडलं,
आणि तीन जागी फटीतून पलीकडचा उजेड दिसला.

गांगुर्डे रागावले नाहीत. तेच जास्त लागलं.
बेअरिंग माझ्या तळहातावर ठेवलं,
"धरलं होतंस तोवर गोल होतं."

मग त्यांनी लोखंडी गट्टू कातला,
पाइपाच्या पोटात हलकेच बसेल असा,
हातोडीच्या लाकडी दांड्याने टकटक आत सारला.
"आता जॉ कुणाला दाबतात? गट्टूला.
पाइपाला वाटतं आपल्याला."
दुसऱ्या टोकाला मोठ्या नाकाचा सेंटर,
तोंडापासून चार बोटं आत एक पट्टा हलका कातून घेतला,
कारण पाइप गोल असतो, असं फक्त दुकानदार सांगतो.
त्या पट्ट्यावर स्टेडी. तिची तीन पितळी बोटं.
"टेकव. ढकलू नको.
विडीच्या बंडलाचा कागद मधून सरकला पाहिजे
आणि सरकताना थोडा कुरकुरला पाहिजे."
तेलाचा थेंब. मगच सेंटर मागे.
सव्वासहा फूट पोकळी फिरायला लागली
आणि डायलचा काटा
झोप लागलेल्या माणसाच्या पापणीएवढाच हलला.

सातपूरची गोष्ट ते एकदाच बोलले.
स्पिंडलच्या मागून चार फूट माल मोकळा सुटलेला,
कुणी टेकू दिला नव्हता. कुणी म्हणजे त्यांनीच.
वेग चढला आणि पाइप वाकला काटकोनात,
माठ गेला, पत्र्याची भिंत गेली,
खैरनारच्या खुर्चीची पाठ गेली.
खैरनार चहा सांगायला बाहेर होता.
तेव्हापासून बटण दाबण्याआधी
गांगुर्डे मशिनच्या मागे एक फेरी मारत,
आणि खुर्ची रिकामी असली तरी सरकवत.

परवा आले गाळ्यावर, रिक्षा करून.
डाव्या अंगावरून वारं गेलंय.
पायरीवर मी त्यांचा दंड घट्ट धरला
तर म्हणाले, अर्ध्याच तोंडाने,
"जॉ सोड."
मग मी नुसती बोटं टेकवली कोपराखाली,
आणि ते चढले. वेळ लागला. चढले.

खुर्चीवर बसले, डोळे मिटून.
लेथ चालू होतं, पाइप लावलेला,
गट्टू आत, स्टेडी जागेवर, सगळं त्यांच्यासारखंच.
मला वाटलं, आता काहीतरी बोलतील चांगलं.

"गातोय तो," म्हणाले.
"आत चिंध्या कोंबल्यास का?"

विसरलो होतो.