तिबेट

माझा धंदा केस उतरवण्याचा.
गंगेवर, रामकुंडाच्या पायरीवर पाट मांडून
दहाव्याला आलेल्यांची डोकी भिजवतो,
वस्तरा धरतो. कोण गेलं, विचारत नाही.
विचारायचं नसतं. मान सांगते.

आणि मालेगाव स्टँडच्या मागे, आमच्या खोलीत,
पाय धुऊन झाले की तेच हात
एका मांजराचे केस विंचरतात.
तासभर. शिंगाच्या फणीने.
मथुरा म्हणते, पस्तीस वर्षांत
माझी वेणी घातलीत का हो कधी?

त्याचं असं झालं.
गंगापूर रोडच्या एक बाई वारल्या, भूगोल शिकवायच्या.
मुलगा परदेशातून आला नवव्या दिवशी.
दहाव्याला अर्धं डोकं झालं असताना म्हणाला,
काका, तुमच्याकडे मांजर राहील का, थोडे दिवस?
मला वाटलं मांजर म्हणजे मांजर.
संध्याकाळी रिक्षातून उतरलं ते
कोल्ह्याएवढं, कानांच्या टोकांना झुपके,
गळ्याभोवती आयाळ,
आणि शेपूट म्हणजे वेगळी सवारी.
नाव तिबेट. बाईंनी ठेवलेलं.
थोड्या दिवसांचा आता तिसरा उन्हाळा.

भंगारवाल्या आसिफच्या काट्यावर
आठ किलो दोनशे, पोतं वजा करून.
रद्दीच्या भावाने घेतो, म्हणाला तो,
आणि दुसऱ्या दिवसापासून
कागदात कलेजी बांधून आणायला लागला.

फणी टोकांकडून लावायची, मुळांकडून नाही.
पोटाखाली दोन हात चालतात, तिसऱ्याला दात.
चमचाभर तूप विसरलो तर पहाटे
खोकून खोकून केसांची सुरळी काढतो,
ती नेमकी देवाच्या पाटापाशी.
एप्रिल लागला की माठाला पाठ लावून झोपतो;
आम्ही पाणी घ्यायला जातो ते परवानगीने.
घाटावर गिऱ्हाईक माझ्या सदऱ्यावरून
वीतभर रुपेरी केस उचलतं. हा कोणाचा?
घरातल्याचा, सांगतो.

यंदा मे महिन्यात सिन्नरला लग्न होतं.
चार दिवस फणी फिरली नाही,
तर काखेत गाठ, लोकर थापून नमदा व्हावा तशी.
तेल लावलं, बोटांनी सोडवलं, नाहीच.
डॉक्टर निकमबाई म्हणाल्या, ओढू नका, कातडी पातळ असते.
काढून टाका. तुम्हाला काय मी शिकवायचं?

त्यांना काय सांगू,
माझ्या हातून केस उतरतात ते कुणी गेल्यावर.

रात्री ट्यूबलाइटखाली मथुराने पुढचे पंजे धरले.
वस्तरा नको वाटला. छोटी मशीन लावली.
मशीन गुरगुरली, तोही गुरगुरला,
मग एकदम गप्प झाला
आणि मान टाकली त्याने,
पायरीवर बसलेली माणसं टाकतात तशी.

तेव्हा कुठे ध्यानात आलं.
मुलगा नवव्या दिवशी आला.
हा त्याआधीची आठ वर्षं तिथेच होता,
बाईंच्या नकाशांवर झोपत,
शेवटच्या रात्रीही पायाशीच असणार.
याचं राहूनच गेलं होतं की.

गाठ हातात आली. काहीच वजन नाही.
सकाळी टाकू म्हणून खिडकीत ठेवली.

सकाळी कावळा.
समोरच्या खांबावर त्याचं घरटं चाललंय,
तारांचं, काड्यांचं, कुणाच्या तरी नाडीचं.
गाठ चोचीत धरली, तिरकं पाहिलं, गेला.

मी काही अर्थ लावत नाही.
पिंडासमोर तास तास उभी राहिलेली घरं पाहिली आहेत मी,
हात जोडून नको नको ते कबूल करणारी,
आणि कावळा पलीकडे भजी टिपतोय.
मथुरा म्हणाली, चहा गार होतोय.

माठापाशी तिबेट,
काखेत रुपयाएवढं टक्कल,
मागचा पाय आभाळाकडे करून
बाकीचा मुलूख चाटत बसलेला.
फणी चुकून खिशात गेली होती,
ती काढून परत खुंटीला लावली.
आणि वस्तरा घेऊन निघालो.