दुसरा मजला

सातवा सरला आणि सगळ्यांना मतं फुटली.
शेजारची तोक्तोबुबू म्हणाली, बाजारापलीकडचं नवीनच घे,
भिंतींना पिस्त्याचा रंग आहे,
खाट बटणावर वरखाली होते,
बाळाच्या पायाला नाव छापून बांधतात,
अदलाबदलीची भीती नको.
पावाच्या दुकानातली मुलगी म्हणाली, छे,
तिथे कळा मोजायच्या आधी पैसे मोजतात.
जावेचं आपलं सात नंबर. रशियनांच्या वेळचं, पोपडे धरलेलं,
नळाला गरम पाणी सकाळी तेवढंच,
पण तिथली वेरा स्तेपानोव्ना
पोटाला हात लावण्याआधी तळवे चोळून ऊन करते.
असं म्हणतात.

मी वहीत दोन रकाने आखले.

एर्मेक फोनवर होता. येकातेरिनबुर्ग, उणे एकोणतीस,
ट्रकमधलं डिझेल गोठलेलं.
तुला बरं वाटेल ते कर, म्हणाला.
हे वाक्य मायेचं आहे, कळतं मला.
तरी ते ऐकून झाल्यावर
खोलीत माणूस एकटाच उरतो.

नव्यात नवऱ्याला आत घेतात, वेगळे पैसे भरून.
नवरा गावात असेल तर.
जुन्यात बाप खाली बर्फात उभे राहतात
आणि माना वर करून ओरडतात,
काय झालं? डोळे कोणाचे?
वरून बाया दोरीला पिशवी सोडतात.
जाताना रिकामी,
येताना सुपाच्या बरणीने जड.

माझ्या दोरीचं खालचं टोक कोण धरणार,
हा रकाना वहीत नव्हता.

मी बोलले नव्हते हे. सासूने ऐकलं कुठून कोण जाणे.
बुरुल आपा मुळात कमी बोलते,
गळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून आणखीच.
आवाज असा, की वाळूवरून पातेलं ओढावं.
दोन वर्षांत तिने मला नावाने तीनदा हाक मारली असेल,
त्यातली एक दूध उतू जाताना.
चहा ढवळता ढवळता म्हणाली,
मी उभी राहीन.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांचा मेंढीच्या कातड्याचा कोट चढवून
ती माझ्या पुढे चालायला लागली.
नव्याच्या काचा निळ्या, न उघडणाऱ्या.
पहारेकरी हसला, आजी, इथे सगळे व्हिडिओ कॉल करतात.
तिने बोटाने मजले मोजले. पाच.
चल, म्हणाली.

सात नंबरला पॉपलर उघडेबोडके,
भिंतीशी बर्फ तुडवून काळा झालेला,
त्यात सिगारेटची थोटकं, किती बापांची कुणास ठाऊक.
ती नेमकी तिथे जाऊन उभी राहिली.
दोन्ही पाय रोवले, घसा खाकरला,
आणि मी शेजारीच उभी असताना
वर बघून माझ्या नावाने ओरडली.
बेगाइम!

आवाज फाटला. पहिल्या मजल्यापर्यंत गेला,
तिथे जरा दम खाल्ला असावा.
मग दुसऱ्या मजल्यावरची एक खिडकी उघडली.
निळा गाऊन, पिंजारलेले केस, कोण ती, आम्हाला ठाऊक नाही.
मुलगी! ती वरून ओरडली. तीन किलो दोनशे!

तिचंही नाव बेगाइम होतं,
की सकाळपासून कुणी हाकच मारली नव्हती,
आम्ही विचारलं नाही.
सासूने दोन्ही हात वर केले.
डोळे कोणाचे?
अजून उघडलेच नाहीत!

दोरी खाली आली.
माझ्यासाठी फडक्यात बांधून आणलेले बोरसोक
तिने मला न विचारता पिशवीत घातले,
आणि दोरीला दोन झटके दिले,
जन्मभर हेच काम करत आल्यासारखे.

परतताना मिनीबसमध्ये चकार शब्द नाही. घसा धरून बसली होती.
घरी आल्यावर वही मागितली.
चष्मा सापडेना, म्हणून रकान्यांवर नुसताच हात फिरवला,
कुठल्या बाजूचा कुठला हे तिला दिसत नव्हतं.
दुसरा मजला, म्हणाली.
तिसऱ्यावर खाट देऊ लागले तर घेऊ नकोस.