तारेचे सात वेढे

आडनाव मुंगी. कामही तसंच, भिंतीच्या कडेकडेनं.
पर्समधून साबणाच्या वडीएवढी पांढरी डबी काढली,
पाचव्या मजल्यावर, क्लेम विभागात,
चौरेबाईंच्या टेबलावर ठेवली
आणि मला म्हणाली, "काका, आता काही करायचं नाही. बसायचं."

मी बसलो.
एकवीस वर्षांत या इमारतीत
मला बसायला कुणी सांगितलं नव्हतं.

विजयनगर चौकातून दिसते ती निळ्या काचांची.
तिची एकही काच उघडत नाही.
खालून कचऱ्याची गाडी गाणं वाजवत जाते,
ओला निराळा, सुका निराळा.
इंदूरला त्याचा अभिमान आहे, मलाही आहे,
घरी मी काडेपेटीची काडीसुद्धा चुकीच्या डब्यात टाकत नाही.
पण चौसष्ट माणसांनी दिवसभर सोडलेला श्वास
कुठल्या डब्यात जातो
हे मी स्वतःलाही विचारलं नव्हतं.

दहाला डबी म्हणाली सहाशे.
साडेअकराला बाराशे.
जेवणानंतर आकडा जिना चढावा तसा चढत गेला, न थांबता.
गुरुवारची साबुदाणा खिचडी
आमच्याकडे शुक्रवारी सकाळीही भेटते,
त्याचं आम्ही हसू करायचो.

तीन वाजता नवा मुलगा तन्मय
एकाच रकान्यात तिसऱ्यांदा तीच रक्कम लिहीत होता.
खंडेलवाल साहेबांचं मत, लोक भात फार खातात.
चौरेबाईंनी खण उघडला, बाम काढला.
चारची डोकेदुखी आज तीनलाच.
दोन वर्षांत दोनदा चष्मा बदलला त्यांनी,
मग डॉक्टर म्हणाले, वय.

दोन हजार एकशे चाळीस.

मुंगी मॅडमनी आवाज केला नाही. वहीत लिहिलं.
"बाहेरची हवा आत कुठून येते?"
मी बोट वर केलं,
देव कुठे आहे विचारल्यावर करतात तसं.

गच्चीवर, यंत्राच्या खोलीमागे,
जिथं माझ्याशिवाय कबुतरंच जातात,
तिनं बॅटरीचा उजेड झडपेवर धरला.
झडप बंद. दांड्याला तार.
सात वेढे, टोक आत दुमडलेलं,
कुणाचा हात ओरखडू नये म्हणून.
"हे कुणी बांधलं?"

त्या मे महिन्यात पारा चव्वेचाळीसवर होता.
तेव्हाचे साहेब म्हणाले होते,
बाहेरची लाही विकत आणायची
आणि मग पैसे देऊन गार करायची,
हा कुठला हिशेब?
मलाही पटलं. हेच वाईट.
पक्कड घेऊन वर आलो. माझं काम कच्चं नसतं.
बिल अकरा हजारांनी उतरलं,
पंधरा ऑगस्टला मला भिंतीवरचं घड्याळ मिळालं.
अजून चालतं. पाच मिनिटं पुढे.

ठेकेदाराचं नाव घेता आलं असतं. तो वारला मागेच.
म्हणालो, "मी."

ती काही बोलली नाही. उजेड तेवढा हलू दिला नाही.
सहा वेढे गंजानं आपोआप तुटले,
सातव्यानं बोट कापलं.
झडप कण्हत उघडली, अंगावर धूळ,
कबुतराचं एक पीस,
आणि हवा.
फार पवित्र वगैरे नव्हती.
एबी रोडचं डिझेल होतं तिच्यात,
कुणाच्या तरी फोडणीची मोहरी.
"चांगलं फिल्टर लागेल," मुंगी मॅडम म्हणाली, "बिलही वाढेल. लिहून देते."

खाली आलो तर सतराशे.
पाऊण तासानं साडेअकराशे.
साहेबांचा फोन: वर गरम होतंय, काय केलंत?
चौरेबाईंनी मान वर केली, नाक जरा ओढलं.
"कुणी मोहरी तडतडवतंय का हो?"
आणि वाट पाहत राहिल्या,
जणू उत्तर खरंच हवं होतं.

तार माझ्या खिशात आहे.
घरी दोन्ही डबे शेजारी शेजारी.
लोखंड सुक्यात जातं, मला माहीत आहे.
आज नाही टाकली.